आगबोटींची शर्यत आणि तिचा खर्च उचलणारे

परभणीच्या महाविद्यालयात इतिहास शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने मला तीन प्रश्न विचारले आहेत. वेगवान बोट चालवण्यात एवढा कोळसा जळत असताना अटलांटिक ओलांडणाऱ्या कंपन्या वेगासाठी इतक्या जिद्दीने का झगडत होत्या, हा पहिला. या झगड्यात खरोखर कमावले कोणी, हा दुसरा. आणि मुंबईसारखे बंदर हाताशी असताना एखादी भारतीय कंपनी या पंगतीत का बसू शकली नाही, हा तिसरा. माझी बरीचशी नोकरी बाष्पटर्बाइनच्या जहाजांवर, इंजिनरूममध्ये झाली आणि निवृत्तीनंतर मी अंबाजोगाईला स्थायिक झालो. त्यामुळे माझे उत्तर झुंबरांच्या दालनांपासून नव्हे, बॉयलरपासून सुरू होईल. या इतिहासाचा हिशेब खालच्या मजल्यावरच नीट लागतो, असे माझे मत आहे.

सुरुवातीच्या आगबोटींची खरी अडचण वेग ही नव्हतीच. महासागर पार होईपर्यंत कोळसा पुरेल की नाही, हा प्रश्न होता. लांबच्या बाजाराला निघालेल्या गाडीत बैलांचा वाटेतला कडबाही भरायचा असेल, तर पल्ला वाढेल तशी मालाची जागा घटत जाते आणि एका टप्प्यानंतर गाडी केवळ कडबाच वाहू लागते. आगबोटीचेही तसेच होते. या कोड्याचे उत्तर इसाम्बार्ड किंग्डम ब्रुनेल या इंजिनिअरने दिले. जहाजाची लांबी, रुंदी आणि खोली सारख्या प्रमाणात वाढवली, तर पोटातली जागा घनाच्या प्रमाणात वाढते, पण पाण्याचा विरोध साधारण वर्गाच्या प्रमाणातच वाढतो. म्हणून जहाज पुरेसे मोठे केले की कोळसा भरूनही जागा उरते. एप्रिल १८३८ मध्ये याची परीक्षा झाली. आयर्लंडच्या किनारी वाहतुकीसाठी बांधलेली छोटी ‘सिरियस’ प्रतिस्पर्धी कंपनीने भाड्याने घेऊन कॉर्कहून पुढे धाडली आणि ती अठरा-एकोणीस दिवसांत, कोळसा जवळपास संपलेल्या अवस्थेत न्यूयॉर्कला पोहोचली. ब्रुनेलची ‘ग्रेट वेस्टर्न’ चार दिवस उशिरा निघूनही काही तासांनी मागोमाग आली, आणि तिच्या कोठारात सुमारे २०० टन कोळसा शिल्लक होता. वृत्तपत्रांनी ‘सिरियस’चा जयजयकार केला, भविष्य मात्र दुसऱ्या बोटीचे होते.

आपल्याकडे हीच परीक्षा त्याआधी आठ वर्षे झाली होती आणि तिचा उल्लेख फार कमी होतो. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनांची आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून सुएझकडे निघाली. तिच्या कोठारांत पाच-सहा दिवसांपुरताच कोळसा मावत होता आणि एडनपर्यंतच त्याच्या दुप्पट दिवस लागणार होते. म्हणून केबिनमध्येसुद्धा कोळसा भरला गेला आणि बोट पाण्यात धोकादायक वाटावी इतकी खोल बसली. एडनला ती पोहोचली तेव्हा काही तासांपुरताच कोळसा उरला होता. सुएझ गाठायला महिनाभराहून थोडा अधिक काळ लागला आणि त्यातला मोठा वाटा वाटेत कोळसा भरण्यात गेला. १८३९ मध्ये इंग्रजांनी एडन ताब्यात घेतले त्यामागे राजकारणाची इतर कारणे होतीच, पण मुंबई आणि सुएझ यांच्या मधोमध कोळशाचे हक्काचे ठिकाण हवे होते, हे कारण त्यात ठळक होते.

आता पैशाकडे वळू. त्या काळातल्या बोटीला भाड्यावर जगणे शक्य नव्हते. सॅम्युअल क्युनार्ड या कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या व्यापाऱ्याने ब्रिटिश नौदल खात्याकडून टपालाचा करार मिळवला. लिव्हरपूलहून हॅलिफॅक्स व बॉस्टनला ठरल्या दिवशी बोट सोडायची आणि वर्षाला सुमारे ६०,००० पौंड घ्यायचे, असा तो व्यवहार होता. ४ जुलै १८४० रोजी त्यांची ‘ब्रिटानिया’ निघाली. तिच्यात सुमारे ६४० टन कोळसा मावत होता आणि मालाला जागा होती सुमारे २२५ टनांची. हे दोन आकडे शेजारी ठेवले की टपालाच्या पैशाशिवाय ही बोट उभीच राहू शकत नव्हती, हे वेगळे सांगावे लागत नाही. टपालाचा करार मात्र वक्तशीरपणा मागतो, शर्यत मागत नाही. म्हणून क्युनार्डने बराच काळ नवे काहीही आधी करून पाहण्याचे टाळले. लाकडी बांधणी आणि बाजूची चाके इतरांनी सोडल्यावरही त्यांनी सोडली नाहीत. मला यात भित्रेपणा दिसत नाही. दुसऱ्याच्या पैशाने चाललेल्या सेवेत इंजिन बंद पडणे परवडत नाही, हे त्यांना कळत होते.

शर्यत पेटवली ती अमेरिकेतल्या कॉलिन्स कंपनीने. एडवर्ड कॉलिन्सने १८५० मध्ये ‘अटलांटिक’, ‘पॅसिफिक’, ‘आर्क्टिक’ आणि ‘बाल्टिक’ या चार बोटी उतरवल्या. त्या क्युनार्डच्या बोटींहून मोठ्या, ऐषआरामी आणि वेगवान होत्या. अमेरिकन काँग्रेसने टपालाचे अनुदान १८५२ मध्ये ३,८५,००० डॉलरवरून ८,५८,००० डॉलरवर नेले, ते क्युनार्डला हरवण्याच्या ईर्ष्येनेच. अशा बोटी प्रत्येक फेरीत कमाल ताकदीने हाकल्या गेल्या आणि प्रत्येक बंदरात त्यांच्या इंजिनांची डागडुजी रात्रंदिवस चालत असे. लाकडी सांगाड्यात एवढी अवजड यंत्रे सतत पूर्ण भाराने चालवली की सांधे ढिले होतात, इंजिनाची मांडणी सरकते आणि बेअरिंगे तापू लागतात. हे ज्याने इंजिनरूममध्ये पाहिले आहे, त्याला या कंपनीचा शेवट अनपेक्षित वाटणार नाही. २७ सप्टेंबर १८५४ रोजी ‘आर्क्टिक’ दाट धुक्यात ‘व्हेस्टा’ या छोट्या फ्रेंच बोटीवर आदळून बुडाली. तीनशेहून अधिक माणसे गेली आणि एकही स्त्री किंवा मूल वाचले नाही. मृतांत कॉलिन्सची पत्नी आणि दोन मुलेही होती. जानेवारी १८५६ मध्ये ‘पॅसिफिक’ लिव्हरपूलहून निघाली ती कायमची नाहीशी झाली. पुढे अनुदान कापले गेले आणि १८५८ मध्ये कंपनी संपली.

वेग इतका महाग का पडतो, हे पहिल्या प्रश्नाचे मर्म असल्यामुळे येथे थोडे गणित करू. जहाजाला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. २० नॉट, म्हणजे ताशी २० सागरी मैल वेगाची बोट २५ नॉटने चालवायची ठरवली, तर इंजिनाची शक्ती जवळजवळ दुप्पट लागते. ३,००० सागरी मैलांचा प्रवास १५० तासांऐवजी १२० तासांत होतो, म्हणजे तीस तास वाचतात. त्यासाठी बॉयलर, भट्ट्या आणि त्यांपुढे राबणारी माणसे जवळजवळ दुप्पट ठेवावी लागतात आणि एका फेरीचा कोळसाही दीडपटीहून जास्त जळतो. शिवाय दुप्पट यंत्रसामग्रीने व्यापलेली जागा प्रवासी किंवा माल यांच्यासाठी उरत नाही. तीस तास लवकर पोहोचतो म्हणून तिकिटाला कोणी दुप्पट पैसे मोजत नव्हते.

तरीही वेगाला एक व्यापारी कारण होते आणि सामान्य वाचकाच्या लेखांत ते क्वचितच येते. प्रत्येक आठवड्याला ठरल्या वारी बोट सोडायची असेल तर किती बोटी लागतील, हे वेगावर ठरते. फेरीला जाऊन-येऊन, बंदरातले दिवस धरून, २८ दिवस लागत असतील तर चार बोटी लागतात; २१ दिवसांत फेरी झाली तर तीन आणि १४ दिवसांत झाली तर दोन पुरतात. मधल्या वेगाचा काही उपयोग नसतो, कारण अडीच बोटी कोणी बांधत नाही. क्युनार्डने १९३० च्या दशकात ‘क्वीन मेरी’ आणि ‘क्वीन एलिझाबेथ’ आखल्या त्या याच हिशेबाने. साडेअठ्ठावीस नॉटचा टिकाऊ वेग मिळाला की दोनच बोटींवर साप्ताहिक सेवा चालते आणि तिसरीचा सगळा खर्च वाचतो. तुमच्या निबंधात वेगाचे समर्थन करायचे असेल तर मानचिन्हाच्या गोष्टी बाजूला ठेवून एवढे एक गणित मांडा. ‘ब्लू रिबंड’ हा अटलांटिकच्या वेगाचा मान बराच काळ केवळ लोकांच्या तोंडी होता; त्यासाठी चषक तयार झाला तो १९३५ मध्ये.

या दरम्यान बॉयलर आणि इंजिन यांत जे बदल झाले त्यांनी खरी क्रांती केली. सुरुवातीचे बॉयलर समुद्राच्या पाण्यावर चालत. त्यांत मिठाचा थर साचे, म्हणून दाब अगदी कमी ठेवावा लागे आणि खारे उकळते पाणी मधूनमधून बाहेर सोडावे लागे, म्हणजे त्यातली उष्णता वाया जाई. पृष्ठभागी संघनकामुळे इंजिनातून आलेल्या वाफेचे पुन्हा गोडे पाणी करून तेच बॉयलरला परत देता येऊ लागले, आणि मग दाब वाढवता आला. वाढलेल्या दाबाची वाफ आधी लहान आणि मग मोठ्या सिलिंडरमधून नेणारे संयुक्त इंजिन त्यातून व्यवहार्य झाले. आल्फ्रेड होल्टची ‘अ‍ॅगामेम्नॉन’ १८६६ मध्ये लिव्हरपूलहून निघून कोळशासाठी कोठेही न थांबता ८,५०० मैलांवरच्या मॉरिशसपर्यंत जाऊ शकली. ‘ग्रेट ईस्टर्न’ ही २११ मीटर लांबीची अजस्र बोट ब्रुनेलने नेमके हेच साधण्यासाठी बांधली होती; ती प्रवासी बोट म्हणून फसली आणि १८६६ मध्ये अटलांटिकखालून तारेची केबल टाकण्याच्या कामी आली. जे आकाराने जमले नाही ते काटकसरीच्या इंजिनाने जमवले. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला तेव्हा आगबोटी त्याचा लाभ घ्यायला तयार होत्या आणि लंडन ते मुंबई हे अंतर केपमार्गे सुमारे १०,७०० सागरी मैलांवरून ६,३०० वर आले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर खालच्या डेकवर सापडते. विल्यम इनमनने १८५० पासून लोखंडी, मळसूत्री पंख्याच्या बोटींतून गरीब स्थलांतरितांना नेण्यास सुरुवात केली. तोवर हे लोक शिडाच्या जहाजांतून आठवडेच्या आठवडे हाल सोसत जात. पहिल्या वर्गाच्या प्रवाशाला झुंबर, वाद्यवृंद आणि पाच पदार्थांचे जेवण द्यावे लागते. स्थलांतरिताला झोपायची फळी आणि साधे अन्न दिले की भागते, आणि तो शेकड्यांनी येतो. एकट्या १९०७ या वर्षात सुमारे पावणेतेरा लाख लोक अमेरिकेत स्थायिक होण्यासाठी उतरले. ही नदी ज्याच्या बंदरातून वाहील तो श्रीमंत होणार, हे सर्वांत नीट ओळखले ते हॅम्बुर्गच्या आल्बर्ट बालिनने.

बालिन हा माझ्या मते या संपूर्ण इतिहासातला सर्वांत चतुर माणूस. त्याची सुरुवातच स्थलांतरितांची तिकिटे विकण्यातून झाली. पुढे हॅम्बुर्ग–अमेरिका कंपनीची सूत्रे हाती आल्यावर त्याने या प्रवाशांसाठी बंदरात स्वतंत्र वसाहत उभारली, तेथे त्यांची वैद्यकीय तपासणी आणि राहण्याची सोय केली. १८९२ च्या कॉलऱ्याच्या साथीने हॅम्बुर्ग हादरले होते आणि अमेरिका आजारी प्रवाशांना परत पाठवत असे. परतीचा खर्च कंपनीच्या माथी बसे. त्याच वर्षी त्याने उत्तर अटलांटिकवरच्या युरोपीय कंपन्यांना एकत्र बसवून स्थलांतरितांची वाहतूक ठरलेल्या वाट्यांनी विभागून घेतली. जाहिरातींत एकमेकांना आव्हान देणाऱ्या कंपन्या बंद दाराआड भाड्याचे दर मिळून ठरवत होत्या. हे लक्षात ठेवले तर शर्यतीच्या बातम्या वेगळ्या वाचता येतात.

शर्यतीचा मोह बालिनलाही एकदा झाला. ब्रेमेनच्या नॉर्डडॉइचर लॉइड कंपनीने १८९७ मध्ये ‘कैसर विल्हेल्म डेर ग्रोस’ उतरवून इंग्रजांचा मान हिरावला, तेव्हा त्याने १९०० मध्ये ‘डॉइचलांड’ बांधून तो स्वतःकडे आणला. ही बोट इतकी थरथरत असे की प्रवासी कंटाळले आणि कोळशाची बिले भरता भरता कंपनी हैराण झाली. काही वर्षांनी तिच्या यंत्रांची ताकद घटवून तिला ‘व्हिक्टोरिया लुईज’ या नावाने सहलीची बोट केले गेले. बालिनने वेगाचा नाद तेव्हाच सोडला. पुढे त्याने आकार आणि आराम यांवर भर दिला आणि पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर त्याची कंपनी जगातली सर्वांत मोठी जहाज कंपनी होती.

इंग्रजांची बाजू मात्र वेगळ्याच कारणाने वेगाकडे वळली. १९०२ मध्ये अमेरिकन भांडवलदार जे. पी. मॉर्गनच्या समूहाने व्हाइट स्टारसह अनेक कंपन्या विकत घेतल्या. क्युनार्डही जाईल या भीतीने ब्रिटिश सरकारने तिला २६ लाख पौंडांचे अल्प व्याजाचे कर्ज आणि वर्षाला दीड लाख पौंड देऊ केले. त्याबदल्यात साडेचोवीस नॉटचा सरासरी वेग टिकवणाऱ्या आणि युद्धात नौदलाला देता येतील अशा दोन बोटी हव्या होत्या. त्यातून १९०७ मध्ये ‘लुसिटानिया’ आणि ‘मॉरिटानिया’ आल्या. चार्ल्स पार्सन्सची टर्बाइन, म्हणजे वाफेच्या झोताने पाती फिरवणारे यंत्र, त्यांच्यात बसवली गेली. हे तंत्र त्याने १८९७ मध्ये इंग्लंडमधल्या स्पिटहेडच्या आरमारी संचलनात ‘टर्बिनिया’ नावाची छोटी बोट ३४ नॉटच्या आसपास पळवून सगळ्यांसमोर सिद्ध केले होते. टर्बाइनमध्ये वर-खाली धावणारे अवजड पिस्टन नसतात, त्यामुळे जोर लावला तरी यंत्र स्वतःला हादरवून मोडत नाही. ‘मॉरिटानिया’ने १९०९ पासून १९२९ पर्यंत वेगाचा मान राखला, यात नवल नाही. या दोन बोटींचे पैसे कोणी दिले, हे मात्र विसरू नये: ब्रिटनच्या करदात्याने, आणि तेही आरमारासाठी.

त्या वेगाची किंमत माणसाच्या अंगावर कशी पडे, हेही सांगायला हवे. या दोन बोटींत प्रत्येकी २५ बॉयलर आणि १९२ भट्ट्या. दिवसाला सुमारे १,००० टन कोळसा. आणि तो सगळा फावड्याने. तीनशेहून अधिक माणसे चार तास काम आणि आठ तास विश्रांती अशा पाळ्यांनी भट्टीत कोळसा घालत, जळालेले खडे लोखंडी सळईने फोडून बाहेर ओढत, कोठारांतला कोळसा हातगाड्यांनी पुढे आणत. आग एकसारखी पसरली नाही की वाफेचा दाब उतरतो आणि दाब उतरला की वेग उतरतो. माझ्या काळात तेलाचे बर्नर होते, तरी उष्ण समुद्रात बॉयलरसमोर चार तास काढणे म्हणजे काय ते मला माहीत आहे. हाती फावडे असणाऱ्यांची कल्पनाही करवत नाही. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मोठ्या बोटी तेलावर गेल्या तेव्हा या लोकांची फौज एकदम अनावश्यक झाली. त्यांच्याबद्दल मात्र कोणी स्मारकलेख लिहिले नाहीत.

‘टायटॅनिक’बद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण प्रत्येक जण तेच विचारतो. ती शर्यतीत नव्हती आणि असूही शकत नव्हती. तिच्या यंत्रांची शक्ती ‘मॉरिटानिया’च्या सुमारे दोन तृतीयांश होती. तिच्या मालक कंपनीने, व्हाइट स्टारने, क्युनार्डच्या वेगाला आकाराने उत्तर द्यायचे ठरवले होते. दीड हजारांच्या आसपास माणसे गेली त्यामागे बर्फाचे इशारे मिळूनही न घटवलेला वेग आणि १० हजार टनांवरच्या सगळ्या बोटींना एकाच मापाने जीवननौका ठरवणारा कालबाह्य नियम होता.

पहिल्या युद्धानंतर कोणतीही टॉर्पेडो करू शकली नसती एवढी हानी या धंद्याची अमेरिकेच्या कायद्यांनी केली. १९२१ आणि १९२४ च्या कोटा कायद्यांनी स्थलांतरितांची नदी आटली. खालच्या डेकच्या फळ्या काढून तेथे केबिन झाल्या आणि विद्यार्थी, शिक्षक, हौशी प्रवासी यांना त्या ‘टुरिस्ट थर्ड’ या नावाने विकल्या गेल्या. मग जर्मन ‘ब्रेमेन’, इटालियन ‘रेक्स’, फ्रेंच ‘नॉर्मंडी’ आणि ब्रिटिश ‘क्वीन मेरी’ यांची शर्यत झाली; ती सरकारी तिजोऱ्यांची शर्यत होती. क्युनार्डला अर्धवट बांधलेल्या बोटीसाठी सरकारी कर्ज हवे होते, त्यासाठी १९३४ मध्ये जुनी वैरीण व्हाइट स्टार हिला तिला पदरात घ्यावे लागले. शेवटचा विक्रम ‘युनायटेड स्टेट्स’चा. १९५२ मध्ये तिने पूर्वेकडचा प्रवास ३ दिवस १० तास ४० मिनिटांत केला. तिच्या बांधणीचा मोठा वाटाही लष्करी उपयोगाच्या नावाखाली सरकारनेच उचलला होता. ऑक्टोबर १९५८ मध्ये जेट विमाने अटलांटिक पार करू लागली आणि विषय संपला.

आता तिसरा प्रश्न, म्हणजे आपला. मुंबईहून विलायतेला जाणे म्हणजे पी. अँड ओ. कंपनीच्या टपालबोटीने जाणे, असे समीकरण जवळजवळ एक शतकभर होते. १८३७ च्या पोर्तुगाल-स्पेनच्या टपाल करारापासून सुरुवात करून ही कंपनी १८४० च्या दशकात हिंदुस्थानापर्यंत पोहोचली आणि पुढे मुंबई–सुएझ टपालही तिला मिळाले. आपल्या इतिहासातले कितीतरी प्रसंग तिच्या बोटींवर घडले आहेत. सावरकरांनी ८ जुलै १९१० रोजी मार्सेलला उडी मारली ती तिच्या ‘मोरिया’तून. डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये मार्सेलहून कोलंबोपर्यंत आले ते तिच्याच ‘कैसर-ए-हिंद’वरून. त्यांची पुस्तके दुसऱ्या बोटीने पाठवलेली होती. ती टॉर्पेडोने बुडाली आणि नुकसानभरपाई म्हणून ६०० रुपये हाती आले. ज्याने पुढे औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाच्या ग्रंथालयाची उभारणी केली, त्याचा पहिला संग्रह समुद्रात गेला होता, हे मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याने मुद्दाम लक्षात ठेवावे.

या बोटींच्या पोटात माणसे आपलीच होती. डेकवर कोकण-गुजरातचे खलाशी, जेवणघरात गोव्याचे, आणि भट्टीपुढे बहुतांशी पंजाब-सरहद्दीकडचे आगवाले. त्यांचा मुकादम, म्हणजे सारंग, त्यांची भरती करी आणि पगारातला काही भागही त्याच्या हाती जाई. गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या अंशावर हे लोक काम करत. म्हणजे बोट चालवण्याचे कसब आपल्याकडे नव्हते म्हणून कंपनी निघाली नाही, असे म्हणता येत नाही. वर सांगितलेले दोन आधार, टपालाचा करार आणि आरमाराची थैली, पारतंत्र्यात मिळणे शक्य नव्हते; उरला तिसरा, म्हणजे गरीब प्रवासी आणि माल, आणि त्यावर भाडेयुद्धाने घाव घालता येत होता.

घाव घालण्याच्या रीती दोन होत्या. प्रवाशांच्या बाबतीत थेट भाडे पाडणे. व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ मध्ये तुतिकोरिनला स्वदेशी आगबोट कंपनी काढली आणि ‘गॅलिया’ व ‘लावो’ या दोन बोटी कोलंबोच्या फेरीवर आणल्या, तेव्हा ब्रिटिश इंडिया या इंग्रज आगबोट कंपनीने भाडे एका रुपयावर आणले, मग प्रवास फुकट केला आणि वर छत्र्याही वाटल्या. १९०८ मध्ये चिदंबरम पिळ्ळै तुरुंगात गेले आणि काही वर्षांत कंपनीही मोडली. मालाच्या बाबतीत रीत अधिक सूक्ष्म होती. भाडे मिळून ठरवणाऱ्या कंपन्यांच्या संघाच्याच बोटींतून सतत माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला भाड्यातला काही टक्के भाग परत मिळे, पण तो लगेच नाही, काही महिन्यांनी. मध्ये एकदा जरी दुसऱ्याच्या बोटीत माल टाकला तर साठलेली सगळी सूट बुडे. ही पद्धत १८७७ मध्ये कलकत्त्याच्या व्यापारात सुरू झाली. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांनी जपानच्या निप्पॉन युसेन कैशाशी हातमिळवणी करून पी. अँड ओ.ला आव्हान दिले, तेव्हा त्या कंपनीने सूत-कापसाचे भाडे जवळजवळ फुकटावर आणले. टाटांची बाजू वर्ष-दोन वर्षांत मावळली. जपानी कंपनीला तिच्या सरकारचा आधार होता, म्हणून ती मुंबईत टिकली. १९०० च्या सुमारास हैदराबादहून मनमाडपर्यंत रेल्वे झाली आणि जालना-परभणी-नांदेडचा कापूस मुंबईच्या बाजारात जाऊ लागला, तेव्हा त्याच्या पुढच्या प्रवासाचे भाडे हेच संघ ठरवत होते.

सिंदिया कंपनीची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि मुंबईचे नरोत्तम मोरारजी यांनी ग्वाल्हेरच्या महाराजांकडून ‘लॉयल्टी’ ही बोट घेतली आणि ती ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. हाच दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. इंजिनिअर म्हणून सांगायचे तर ती खरेदी धाडसाची होती, शहाणपणाची नव्हती. ती बोट म्हणजे कॅनेडियन पॅसिफिकची १८९१ ची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. ती पॅसिफिकवरच्या टपालासाठी बांधलेली, वेगवान आणि कोळसाखाऊ होती. टपालाचे अनुदान काढून घेतले की अशा बोटीचा हिशेब जुळत नाही. काही वर्षांतच ती मोडीत निघाली. मालबोटींवर मात्र कंपनी तगली आणि पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया यांचे प्रमुख लॉर्ड इंचकेप यांच्या समूहाला १९२३ मध्ये तिच्याशी करार करावा लागला. करार कडू होता: दहा वर्षे किनाऱ्यापुरतेच राहायचे आणि ७५,००० टनांच्या पुढे जायचे नाही. वालचंदांना तो मनापासून आवडला नव्हता, पण भाडेयुद्धात बुडण्यापेक्षा टिकून राहणे त्यांनी पसंत केले, आणि मला तो निर्णय बरोबर वाटतो.

भारतीय कंपनीला ज्या प्रवासी मार्गावर खरा वाव मिळाला तो विलायतेचा नसून जेद्दाहचा होता. मुंबईहून हज यात्रेकरूंना नेण्याचा धंदा मोगल लाइनच्या हाती होता. नावावरून वाटते तशी ती देशी नव्हती, तिची व्यवस्था टर्नर मॉरिसन या ब्रिटिश पेढीकडे होती. सिंदियाने १९३७ मध्ये ‘अल मदिना’ ही नवी बोट बांधून या मार्गावर आणली आणि दोघांत असे भाडेयुद्ध पेटले की यात्रेकरूचे तिकीट कवडीमोल झाले. येथे डेकचा प्रवासी हाच सगळा धंदा होता, टपालाच्या थैलीची गरज नव्हती, आणि म्हणूनच नव्या कंपनीला उभे राहता आले. निजामाच्या राज्यातून, त्यात औरंगाबाद, बीड, नांदेडकडून निघणारे यात्रेकरू मनमाडमार्गे मुंबईला येत, मुसाफिरखान्यांत थांबत, लसी टोचून घेत आणि मग डेकवर सामानाजवळच पथारी टाकत. अरबस्तानाकडे जाताना कामारान बेटावर त्यांना विलगीकरणात उतरावे लागे. स्वातंत्र्यानंतर मोगल लाइन सरकारच्या मालकीची झाली आणि मुंबईहून हजची बोट १९९५ पर्यंत चालली. अटलांटिकवर जेटने जे १९५८ नंतर थोड्याच वर्षांत केले, त्याला येथे जवळजवळ चार दशके लागली, कारण गरिबाला विमानाचे तिकीट परवडत नव्हते.

तुम्हाला प्रबंधासाठी विषय निवडायचा असेल तर ‘ब्लू रिबंड’ सोडून द्या. त्यावर इंग्रजीत कपाटे भरून लिहिले गेले आहे. त्याऐवजी हैदराबाद संस्थानाच्या मराठी भागातून निघणाऱ्या यात्रेकरूंचा मुंबई–जेद्दाह प्रवास आणि १९३७ नंतरचे भाडेयुद्ध घ्या. मुंबईच्या पुराभिलेखागारातली यात्रेकरूंविषयीची कागदपत्रे आणि हैदराबादच्या पुराभिलेखागारातले निजामकालीन दस्तऐवज पाहावे लागतील. दुसऱ्या ठिकाणी उर्दू आणि फारसी वाचणारा सोबती लागेल, तो आधी शोधून ठेवा. बोटींच्या यंत्रांबद्दल, कोळशाच्या हिशेबाबद्दल किंवा जुन्या नोंदींतल्या एखाद्या आकड्याबद्दल अडले तर कळवा, तेवढे मी बसून समजावून देईन.